सहा बिऱ्हाडांचं घर घेण्याआधी

कोल्हापुरात शाहूपुरीतलं सहा बिऱ्हाडांचं घर विकत घ्यायचं म्हणून बघायला गेलो, तर मालक काकांनी चहा पाजत तोंडी हिशेब सांगितला. सहाही खोल्या भरलेल्या, भाडं वेळेवर. मी म्हटलं, "काका, भाडेकरार बघू?" निघाले दोनच. बाकीचे चौघे त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे, वहीतल्या सह्यांवर.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. जुन्या भाडेकरूंचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येतं, आणि मालक बदलला म्हणून ते उठत नाहीत. म्हणून प्रत्येकाचं भाडं, अनामत, थकबाकी मी काकांच्या सहीनं लिहून मागितली. अनामत कोण परत करणार, हे खरेदीखतात यायलाच हवं.

घरफाळा, पाणीपट्टीच्या पावत्या मिळाल्या. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, मात्र अजून काकांच्या वारलेल्या वडिलांचंच नाव. म्हणजे वारसनोंद आणि काकांच्या दोन्ही बहिणींच्या सह्या लागणार.

निघताना जिन्याखाली थांबलो. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे.

"२०१९ ला इथवर पाणी होतं," पहिल्या खोलीतल्या मावशी म्हणाल्या. "२०२१ ला परत आलं."

काका गप्प होते. पुराचं मी विचारलंच नव्हतं. आता रविवारी वकिलांना घेऊन परत जातोय, पूररेषेचा नकाशा बघून.