ठाण्यात जुना फ्लॅट घेताना: वारसांच्या सह्यांपासून ताब्यापर्यंत

पुनर्विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्याला इमारतीची अवस्था, पाण्याची वेळ, पार्किंग, शेजार आणि स्टेशनपर्यंतचे अंतर यांचा अंदाज दोन-तीन भेटींत येतो. परंतु समोर बसलेल्या माणसाला ते घर एकट्याने विकण्याचा अधिकार आहे की नाही, हे घर कितीही वेळा पाहिले तरी कळत नाही. २०२४ साली मी ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्या व्यवहारातील सर्वाधिक वेळ आणि श्रम याच एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात गेले, म्हणून तो भाग येथे सविस्तर लिहीत आहे.

ठाणे का, याचे उत्तर आमच्यापुरते सोपे होते. १८५३ साली देशातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघून ज्या गावी पोहोचली, ते हे ठाणे. आजही येथे राहण्याचे सगळे गणित स्टेशनभोवतीच फिरते. मला रोज दादरला जावे लागते आणि ठाण्यातूनच सुटणारी लोकल मिळणे, म्हणजे बसायला जागा मिळण्याची शक्यता असणे, ही माझ्या दृष्टीने चैनीची नव्हे तर प्रकृतीची बाब होती. घोडबंदर रस्त्यावरचे नवे टॉवर आम्ही पाहिले. ते देखणे आहेत, तेथे मुलांना खेळायला मोकळी जागा आहे, पण स्टेशन गाठण्यासाठी रोज त्या रस्त्याच्या गर्दीवर अवलंबून राहणे मला मान्य नव्हते. नवीन प्रकल्पाच्या बाजूने एक मोठी गोष्ट निश्चित आहे: २०१६च्या स्थावर संपदा कायद्यामुळे तेथे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणी, कार्पेट क्षेत्राची ठरलेली व्याख्या आणि तक्रारीची जागा, हे सारे मिळते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला जुना फ्लॅट विकला, तर त्या व्यवहाराला हे कवच नसते. तेथे चौकशी आपली आपणच करायची असते.

फ्लॅट एजंटमार्फत पाहिला. विकणाऱ्या काकू सत्तरीच्या पुढच्या, पतीच्या निधनानंतर एकट्या राहत होत्या आणि मुलाकडे पुण्याला जाण्याचे त्यांनी ठरवले होते. किंमत एक कोट वीस लाखांवर ठरली. त्याच संध्याकाळी टोकन देऊन टाका, दुसरी पार्टी तयार आहे, असे एजंटने सांगितले, आणि असे ते प्रत्येकालाच सांगत असावेत. मी टोकनच्या आधी कागदांच्या झेरॉक्स मागितल्या: बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीच्या नावावरचे मालमत्ता पत्रक (जमीन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारा उतारा), मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती. काकूंनी कुरकुर न करता कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढून दिली. या शहरात भोगवटा प्रमाणपत्र हा केवळ उपचार नाही. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली, हे ठाणेकर विसरलेले नाहीत. मालमत्ता पत्रकही तितकेच महत्त्वाचे. जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नसेल, तर उद्या पुनर्विकासाची वेळ आली की सगळा गाडा मूळ जमीनमालकापाशी अडतो. या सोसायटीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले डीम्ड कन्व्हेयन्स, करून घेऊन जमीन आपल्या नावावर आणलेली होती आणि त्यामुळे माझा निर्णय पुष्कळसा पक्का झाला.

फाइल वकीलबाईंकडे दिली. त्यांनी शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू उलटली आणि तेथेच थांबल्या. मूळ सभासद म्हणून काकांचे नाव होते आणि त्यांच्या निधनानंतर नॉमिनी म्हणून काकूंचे नाव लागले होते. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी असते की, नॉमिनी म्हणून नाव लागले म्हणजे घर त्या व्यक्तीचे झाले. तसे नाही. नामनिर्देशनामुळे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढेच ठरते. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने जाते. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानेच नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटले आहे, पण काकांचे निधन त्याआधीचे होते आणि सर्टिफिकेटवर काकूंचे नाव अगदी कायमच्या सभासदासारखे दिसत होते. काकांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. अर्थात काकू, मुलगा आणि अमेरिकेत असलेली मुलगी असे तिघे वारस आहेत, इथपर्यंत मलाही समजले.

त्यानंतर वकीलबाईंनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनात कधीही आला नसता: “काका गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या का?” त्या हयात होत्या आणि त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातील वारस असते. म्हणजे या फ्लॅटचा चौथा हिस्सा आजींकडे गेला होता. आजींनीही मृत्युपत्र केले नव्हते, त्यांचे पती आधीच वारले होते आणि त्यांना दोनच मुलगे. तेव्हा त्यांच्या चौथ्या हिश्श्यातील निम्मा भाग काकांच्या मुलांकडे आणि उरलेला निम्मा, म्हणजे संपूर्ण फ्लॅटचा आठवा हिस्सा, सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या काकांच्या धाकट्या भावाकडे गेला होता. त्या गृहस्थांना स्वतःलाही याची कल्पना नव्हती, आणि सोसायटीच्या दप्तरात तर त्यांचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

हे काकूंना कसे सांगायचे याची मला काळजी वाटत होती, कारण पैशाची गोष्ट नात्यात शिरली की चांगली माणसेही दुखावतात. वकीलबाईंनी आम्हा सर्वांना काकूंच्याच जेवणाच्या टेबलाभोवती बसवून कागदावर हिश्श्यांची आकृती काढून दाखवली. काकू बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी तेथूनच फोन लावला. “भावोजी, घर विकायचं ठरलंय, पण आईंच्या वाट्यामुळे तुमची सही लागणार आहे म्हणतात.” पलीकडून आलेले उत्तर आम्हा सर्वांना ऐकू आले: “वहिनी, तारीख सांगा, मी येतो. मला त्यातलं काही नको.” प्रत्येक घरात असे उत्तर येईलच असे नाही, आणि आले नसते तर हा फ्लॅट मी घेतला नसता, इतके मी त्या टेबलापाशीच ठरवले होते.

नुसत्या तोंडी संमतीने किंवा नोटरीपुढच्या प्रतिज्ञापत्राने मात्र भागत नाही. स्थावर मालमत्तेतील हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच लागते. मुलगा आणि दीर यांचे काम सरळ होते. मुलीला येणे शक्य नसल्याने तिने भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचे ठरले. ते तेथील नोटरीपुढे सही करून, त्यावर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा तेथील सरकारी शिक्का, घेऊन, मूळ प्रत कुरिअरने पाठवावी लागली. ईमेलने आलेली प्रत येथे कामाची नसते. शिवाय परदेशात झालेला असा दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. हे सारे जमून हक्कसोडपत्र नोंदले गेले आणि काकू खऱ्या अर्थाने एकट्या मालक झाल्या. मुलीला थेट विक्रेती म्हणून करारात घेण्याचा दुसरा मार्ग होता, परंतु ती अनिवासी असल्याने तिच्या हिश्श्याच्या रकमेवर करकपातीचे नियम वेगळे आणि दर बरेच जास्त लागू झाले असते, म्हणून तो आम्ही टाळला.

या काळात काकूंनाही माझ्याकडून काही आश्वासन हवे होते आणि ते रास्त होते. म्हणून वारसांचा उलगडा झाल्यावर, हक्कसोडपत्राच्या आधी, मी एक लाख रुपये धनादेशाने दिले आणि विसारपावती, म्हणजे आगाऊ रकमेचा लेखी करार, केली. तीत दोन वाक्ये आग्रहाने घातली: सर्व वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यानंतरच पुढील रक्कम देय होईल, आणि मालकी निर्दोष न ठरल्यास विसार पूर्ण परत मिळेल. त्याचबरोबर एका मराठी आणि एका इंग्रजी वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली आणि तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे या मालमत्तेच्या नोंदणी दप्तरातील जुन्या व्यवहारांचा तपास, काढला. हरकत कोणाचीच आली नाही.

पैशांचे नियोजन त्यामानाने सरळ होते. ७५ लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. म्हणजे ९० लाख बँकेचे आणि ३० लाख आमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही, हे अनेकांच्या लक्षात शेवटी येते. ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के, पण सर्व खरेदीदार महिला असतील तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला आणि पतींना सहकर्जदार केले, त्यामुळे ८,४०,००० ऐवजी ७,२०,००० रुपये भरावे लागले. त्यावर नोंदणी फीची कमाल मर्यादा असलेले ३०,००० रुपये. पतींना कर्जावरील प्राप्तिकराच्या वजावटी मिळणार नाहीत, कारण त्या मालकाला मिळतात. तो हिशोब मांडून पाहिला आणि मगच हा निर्णय घेतला. शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, तेव्हा तेही आधी तपासले.

नोंदणीच्या दिवशी सगळे कागद बरोबर असूनही काम अडले ते काकूंच्या अंगठ्यापाशी. आयुष्यभराच्या कामाने त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र ठसा घेईना. कर्मचाऱ्याने ओल्या रुमालाने बोट पुसायला सांगितले, मग कोरडे करून, मग थोडे दाबून, मग किंचित तिरके धरून पाहिले. रांगेतल्या एका ताईंनी पर्समधून क्रीमची बाटली काढून दिली आणि ते बोटाला चोळल्यावर एकदाचा ठसा उमटला. ज्येष्ठ विक्रेत्याबरोबर जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी आणि मागे पुरेसा अवधी ठेवावा, एवढे यावरून सांगते.

किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. मी १,२०,००० रुपये कापले, फॉर्म २६क्यूबी भरला आणि करकपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६बी, काढून काकूंना दिले. सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला सक्तीचे नाही, पण बँकेला ते लागतेच. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सभासद बदलताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. समितीने इमारत निधी म्हणून वेगळ्या रकमेचा विषय काढला, तेव्हा मी नियमाची प्रत पुढे ठेवून अधिमूल्य पूर्ण भरले आणि विषय तेथेच मिटला. बँकेची रक्कम जमा झाल्यावर काकूंनी ताबापावतीवर सही केली. महावितरणचे वीजबिल आणि महापालिकेचा मालमत्ता कर यांवर नाव बदलण्याचे अर्ज मी त्याच आठवड्यात दिले.

शेअर सर्टिफिकेटवर माझे नाव लागले, तेव्हा सचिवांनी नामनिर्देशनाचा फॉर्म पुढे केला. तो मी पतींच्या नावाने भरून दिला, आणि त्याच महिन्यात वकीलबाईंकडे जाऊन, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, मृत्युपत्रही करून घेतले.