अर्जाची पोच

गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण गेलंय आणि कोणीतरी त्यात निंबाची फांदी खोचून ठेवली आहे. काल दुपारी गॅलरीत उभा होतो. मे महिन्यात खानदेशातला शहाणा माणूस दुपारी गॅलरीत उभा राहत नाही, पण लाइट गेली होती. तेव्हा दिसलं, फांदी हिरवीगार आहे. म्हणजे जुनी वाळली तेव्हा कोणीतरी आठवणीनं नवी आणून लावली. झाकणासाठी मात्र अर्ज गेला नसावा. गेला असता तर एव्हाना गल्लीच्या ग्रुपवर पोचेचा फोटो फिरला असता.

पोच ही आमच्याकडची खरी कमाई. काम होईल न होईल, आवक नंबर पडला पाहिजे. हे मी नानांकडून शिकलो. नाना म्हणजे माझे आजोबा, जिनिंगमध्ये दिवाणजी होते. ते अर्ज लिहायला बसले की घरातल्या रेडिओचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. फुलस्केपचे दोन कागद, मध्ये कार्बन, डाव्या हाताला 'प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब', विषयाखाली दोन रेघा, आणि तळाशी न चुकता 'प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, जळगाव'. ती प्रत जळगावला कधीच जात नसे. तिकिटाला पैसे लागतात. पण मुख्याधिकाऱ्यानं ती ओळ वाचून जरा दचकावं, एवढीच योजना.

मजकुरात नाना फार लांबून सुरुवात करायचे. आमच्या गल्लीतला पाइप फुटल्याच्या अर्जात त्यांनी विश्वेश्वरय्यांना आणलं होतं. 1884 साली नोकरीला लागलेला तो तरुण इंजिनिअर सुरुवातीलाच इकडे खानदेशात आला आणि त्यानं भर पावसाळ्यात पांझरा नदीखालून पाणी पलीकडे नेलं. 'अशा या खानदेशात दोन इंची पाइप महिनाभर गळत राहावा, ही बाब खेदजनक आहे.' बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावकच्या, कारकुनानं विश्वेश्वरय्या वाचले नाहीत. तो फक्त खाली सही आहे का ते बघायचा. मी हाफ पँटीत समोर उभा. तो शाईच्या डबीत शिक्का दाबायचा, कार्बनप्रतीवर जांभळा गोल उमटवायचा आणि आत पेनानं नंबर टाकायचा. फुंकर मारत मारत ती प्रत घरी नेणं हे माझं काम. शाई पुसली तर नाना रागवायचे. पाइपबद्दल ते कोणाला इतके रागावल्याचं मला आठवत नाही.

नानांचं मूळ गाव पांझरेकाठचं, फडाचं. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठाले तुकडे, पाडलेले, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी सोडायला पाटकरी. आपल्या वाफ्याला पाणी कमी आलं की शेतकरी बांधावरून पाटकऱ्याला हाक मारायचा, दोन शिव्या द्यायचा, दोन खायचा, मिटलं. नाना हे फार रंगून सांगायचे. मग चष्मा पुसायचे आणि पुढचा अर्ज घ्यायचे. गावात पाटकरी समोर असायचा म्हणून तिथे कोणी कागद केला नाही, असं काहीसं मला यातून सुचलं होतं. पण नानांना कागदही मनापासून आवडायचा, त्यामुळे तो मुद्दा काही पुढे जात नाही.

गल्लीतले लोक यायचे. "नाना, मना बी एक अर्ज लिखी द्या." सगळ्यात गाजला तो टिल्लू मोटरींविरुद्धचा सामूहिक अर्ज. नळाला थेट मोटर लावून लोक पाणी ओढतात, त्यामुळे शेवटच्या घरांना धार येत नाही, सबब कारवाई व्हावी. गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांनी सह्या केल्या. पाणी पहाटे यायचं. अर्ज दिल्याच्या दुसऱ्या पहाटे "पानी उनं का?" अशी पहिली हाक झाली आणि पाठोपाठ सह्या करणाऱ्या बहुतेक घरांतून टिल्लूंची घरघर. नाना अंथरुणात पडल्या पडल्या एकेक मोटर ओळखून नाव घेत होते.

2005 साली माहितीचा अधिकार आला, तेव्हा म्हातारपणी त्यांना पुन्हा पालवी फुटली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं म्हणे! जुन्या पोचा काढून त्यांनी एकेका अर्जाचं पुढे काय झालं ते विचारायला घेतलं. उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' ते त्यांनी त्याच फाइलीला टोचलं. समाधानी दिसले.

आता सगळं फोनवर. गटारीचा फोटो काढायचा, नगरसेवकाला पाठवायचा, तिकडून जोडलेले हात येतात. मध्ये निवडणुका लांबल्या, पालिकांवर प्रशासक बसले, नगरसेवक माजी झाले. तरी फोटो त्यांनाच जात राहिले आणि हातही येत राहिले. मला त्या हातांचा राग येतो. त्यावर नंबर नसतो.

काल लाइट येईपर्यंत नानांची फाइल चाळत बसलो. प्रत्येक अर्जात विषयाच्या खाली 'नळजोडणी क्रमांक' अशी ओळ आहे. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतल्या बाया उन्हाळाभर आमच्या नळावर हंडे घेऊन यायच्या. पहाटे यायच्या, गल्लीचं भरून होईपर्यंत ओट्याखाली बसून राहायच्या. त्यांच्यापैकी एकीचाही अर्ज फाइलीत नाही. एकदा आजीनंच त्यातल्या एकीला म्हटलं होतं, की नानांकडून लिहून घे, फुकट लिहितात. तिनं हंडा डोक्यावर चढवला आणि विचारलं, "नंबर कोनता लिखशात?"

नाना आतच होते. त्यांना ऐकू गेलं असणार.