दोन लिटर

स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं पत्र आलं तेव्हा गॅदरिंग, मांडूची सहल, पीटीचे सर, सगळ्यांवरच लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसलं की बाईच समोर उभ्या राहतात. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या सायन्सच्याच.

1996 साली मी नववी ‘ब’मध्ये होतो. शाळाशाळांची पर्यावरण स्पर्धा निघाली होती: आपल्या शाळेत किती पाणी वाया जातं ते मोजायचं आणि महिन्याभरात कमी करून दाखवायचं. माळव्यात ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणायची पद्धत, आणि घरी नळ यायचे दिवसाआड. बाई सांगायच्या, “नर्मदा इंदुरातून वाहत नाही रे. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून तिला पंपांनी घाट चढवून आणतात.” नर्मदेचं पाणी इंदुरात आणा म्हणून झालेल्या 1970 च्या आंदोलनाच्या वेळी त्या शाळेत होत्या. पाणी आलं 1978 साली. ही दोन सालं सांगताना त्यांचा आवाज हमखास चढायचा.

माझ्या वाट्याला पाणपोईचा कोपऱ्यातला नळ आला. संध्याकाळी पाचला खाली बादली लावायची, सकाळी सातला पाणी मोजायचं. सकाळी जाऊन बघतो तर बादली रिकामी, आणि मामांची तुळस न्हाऊन निघालेली! त्यांना बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी वहीत ठोकून दिलं: सात लिटर. आकडा मोठा तर स्पर्धेत वजन मोठं, हा माझा हिशेब.

बाईंनी वही पाहिली. रागावल्या नाहीत. पर्समधून खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण काढलं (ते पर्समध्ये कसं होतं, देव जाणे) आणि मला मधल्या सुट्टीत नळासमोर बसवलं. घड्याळ त्यांचं, थेंब मोजणारा मी. मिनिटाला अठ्ठेचाळीस. झाकणात दर वीस थेंबांना एक मिलिलिटर भरत होतं. म्हणजे तासाला 144 मिलिलिटर, आणि चौदा तासांचे जेमतेम दोन लिटर. पोरं डबे खात बघत होती. माझे कान तापले होते.

“बाई, दोनाला कोण विचारणार?”

“खोड ते सात.”

खोडलं. तक्त्यावर दोनच गेले. नंतर बाईंनी स्वतःच्या पैशांनी वायसर आणले आणि सगळे गळके नळ आमच्याच हातांनी दुरुस्त करून घेतले. आमचा नंबर आला नाही. दुसऱ्या एका शाळेच्या तक्त्यावरचे आकडे ऐकून बाई नुसत्या हसल्या होत्या.

आता मी पुण्यात पाणीपुरवठा योजनांचं डिझाइन करतो. स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली अकरा इंजिनिअर. इंदूर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, तेव्हा ऑफिसात दर वेळी पोहे-जिलेबी मीच वाटली. माझ्या लेकीच्या शाळेतही असलं काहीतरी चालतं, पण झाडासोबत फोटो काढून पाठवला की झालं. गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो. विहिरीवर स्लॅब पडलाय, वर गाड्या उभ्या. पाणपोईच्या जागी स्टीलचा कूलर. मामांची तुळस कुठे गेली, कोणाला सांगता येईना.

पत्र आलं त्या रात्री बाईंना फोन केला. ऐकू कमी येतं आता. मोठ्यानं ओरडून सांगितलं की एका गावाची अख्खी योजना सध्या माझ्याकडे आहे.

“गळती किती धरलीस?”

“पंधरा टक्के, बाई.”

“मोजलीस का?”

“तेवढी धरतातच, बाई,” मी म्हणालो. पलीकडे बाई काही बोलेनात. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.