तिसऱ्या दिवसापर्यंत

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या कन्नमवार नगरातल्या इमारतीला रिकामी करायची नोटीस लागली. म्हाडाची जुनी इमारत, पुनर्विकासात गेली. लग्न होऊन मी याच घरात आले, लेक याच घरात रांगली. बिल्डरने भाड्याचे चेक दिले होते, पण शेजारच्या इमारतीही त्याच सुमारास खाली होत होत्या, त्यामुळे विक्रोळी-कांजूरची भाडी बघता बघता चढली. एजंट फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, ‘फॅमिली कोण?’ मी प्रत्येकाला सांगायचे : मराठी ख्रिस्ती, घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि बारावीला जाणारी मुलगी.

भांडुपचा तो फ्लॅट हेवी डिपॉझिटवर होता. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते : मालकाला एकरकमी सात लाख द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना सात लाख परत घ्यायचे. यांच्या व्हीआरएसचे पैसे बँकेत होते. म्हणजे बिल्डरचे भाड्याचे चेक लेकीच्या कॉलेजच्या फीला वाचणार. हा हिशेब मी रिक्षातच मांडून टाकला होता, घर बघायच्या आधी.

दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर बायबलच्या स्तोत्र २३ मधली ओळ छापलेलं कॅलेंडर. मला एकदम भरून आलं. त्याच सकाळी मी गुडघे टेकून म्हटलं होतं, प्रभू, आज घर मिळू दे. आणि हे दारातच उत्तर! ‘मालक’ म्हणाला, मीही चर्चला जातो अधूनमधून, तुमच्या लोकांना घर द्यायला काळजी वाटत नाही. कॅलेंडरचा खिळा नवा, चकचकीत होता. खाली फरशीवर प्लास्टरची चिमूटभर पांढरी पूड पडलेली होती, आणि माझी चप्पल तिच्यावरून गेली. ते मी पाहिलं. आजही डोळ्यांसमोर आहे. पाहिलं आणि पुढे स्वयंपाकघर बघायला गेले.

मी काहीच विचारलं नाही असं नाही. वीजबिलावर बाईचं नाव होतं, तर विचारलं. ‘आई आहे माझी,’ तो म्हणाला, आणि मेंटेनन्सची पावती, आधारची झेरॉक्स पुढे केली. करारनाम्याच्या रजिस्ट्रेशनचं विचारलं. ‘आता नोटरी करून घेऊ ताई, रजिस्ट्रेशन पुढच्या महिन्यात.’ मग एजंट हळूच म्हणाला, ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. टोकन टाका, मी त्यांना नाही सांगतो.’ यांना फोन लावला तर लागला नाही. बुधवार होता, दुपारचे साडेतीन. मी जिन्यातच उभी राहून ५०,००० रुपये पाठवले. बाकीचे साडेसहा लाख सोमवारी द्यायचे ठरले.

घरी आले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं, कॅलेंडरचं तर दोनदा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘विचारलंस का?’

मी म्हटलं, ‘आई, सकाळीच प्रार्थना केली की.’

‘प्रार्थना केलीस गं. विचारलंस का?’

मला राग आला, हे खरं सांगते. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय वाचायला लावला तेव्हा तर जास्तच आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : गिबोनचे लोक जवळच राहत होते, पण इस्राएल आपल्याला जिंकून संपवेल या भीतीने ते दूर देशाहून आल्याचं सोंग घेऊन गिलगालच्या छावणीत आले. गाढवांवर जुनी पोती, ठिगळं लावलेले द्राक्षारसाचे बुधले, पायांत झिजलेली पायताणं, शिदोरीत वाळून बुरसटलेली भाकरी. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी ती शिदोरी पाहिली, परमेश्वराला विचारलं नाही, आणि शपथ घेऊन करार करून टाकला.

शनिवारी मी कपाट बसेल का बघायला मेजरिंग टेप घेऊन भांडुपला गेले. वॉचमनने टेपकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, उसी फ्लॅट का? इस हफ्ते में आप तीसरी हो.’ सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी काकांनी रजिस्टर काढून दाखवलं. मालकीण नाशिकला मुलाकडे राहणारी आजी. हा माणूस तिचा भाडेकरू, त्याचं अॅग्रीमेंट महिनाअखेरीला संपत होतं. तीन कुटुंबांकडून त्याने टोकन घेतलं होतं, त्यातल्या एकाने तर पूर्ण डिपॉझिट दिलं होतं. आम्ही तिघांनी पोलिसांत तक्रार दिली. माझे ५०,००० अजून आलेले नाहीत. पूर्ण डिपॉझिट दिलेल्या त्या कुटुंबाचा विचार मनात आला की आजही जेवण जात नाही.

तेव्हापासून तो अध्याय मी किती वेळा वाचला असेन. आधी मला ते पुढारी भोळे वाटायचे. नव्हते ते भोळे. तुम्ही इथलेच कशावरून नाही, हा नेमका प्रश्न त्यांनी गिबोनकरांना विचारला होता. फक्त त्याचं उत्तर त्यांनी ज्याला करार हवा होता त्याच्याच शिदोरीतून घेतलं. मी पण वीजबिलाचं उत्तर त्याच माणसाच्या फोल्डरमधून घेतलं. आणि गिबोनकर काय म्हणाले? तुमच्या देवाचं नाव ऐकून आलोय. हे वाचते तेव्हा मला तो नवा खिळा दिसतो. मी ख्रिस्ती आहे हे एजंटला मीच सांगितलं होतं.

बरं, विचारायची सोय नव्हती असंही नाही. मोशेच्या हयातीतच ठरलं होतं की त्याच्यानंतरचा पुढारी यहोशवा याने एलाजार याजकापुढे उभं राहायचं आणि याजकाने उरीमच्या द्वारे, म्हणजे देवाचा कौल घ्यायच्या पवित्र साधनाने, परमेश्वराला विचारायचं. याजक होता, विचारायची रीत ठरलेली होती. आणि पुढे लिहिलंय की करार झाल्यावर तीन दिवसांनी कळलं, हे तर शेजारी निघाले. फक्त तीन दिवस! बुधवार ते शनिवार माझेही तीनच झाले.

म्हणून आता आमच्या घरात पैशाच्या कुठल्याही गोष्टीला तिसऱ्या दिवसाआधी हो म्हणत नाही. पहिल्या दिवशी मी आणि सासूबाई वहीत प्रश्न लिहितो. ‘प्रभू, घर दे’ असं लिहायचं नाही असं आईंनी बजावलंय. शौल राजा जिवावर उठला तेव्हा बायबलमधला दावीद देवाला कसा विचारायचा? शौल इथे येईल का? कईला गावचे लोक मला त्याच्या हाती देतील का? नेमकं विचारायचा. कईलाला जाण्याआधी त्याची माणसं घाबरली, तर त्याने तोच प्रश्न परत विचारला. तसं आम्ही लिहितो : मालक कोण? तो समोर का येत नाही? मला घाई कुणाची आहे? मग ते प्रश्न प्रार्थनेत ठेवायचे आणि पायाने जाऊन त्यांची उत्तरं शोधायची. सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बघायचं, वॉचमनशी बोलायचं. नोटरीवर तर आता मी थांबतच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ऑनलाइन नोंदणीत मालकाचाही अंगठा आणि फोटो लागतो. त्या दिवशी मी नोंदणीवर अडून बसले असते तर तो माणूस नाशिकच्या आजींचा अंगठा कुठून आणणार होता?

देव माझ्याशी कानात बोलत नाही. वॉचमनच्या तोंडून बोलला असं मी मानते, आणि त्याही आधी मेथी निवडणाऱ्या सासूबाईंच्या तोंडून बोलला होता, तेव्हा मी ऐकलं नाही.

या थांबण्याने नुकसानही झालंय. कांजूरचा एक छान फ्लॅट, हवेशीर, स्टेशनजवळ, दुसऱ्याच दिवशी दुसऱ्यांनी घेतला. लेक दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मी रडले, पण वहीत त्या फ्लॅटपुढे तारीख घालून रेघ मारली. जूनमध्ये मिळालेलं आताचं घर भांडुपलाच आहे, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. मालक स्वतः आले, अंगठा दिला, चहा घेऊन गेले.

आता बिल्डरच्या ऑफिसातून नवा कागद आलाय. नव्या इमारतीत थोडा जादा एरिया कमी दराने विकत घ्यायचा असेल तर सोमवारी दुपारी बारापर्यंत सही हवी. कागद हातात पडला शनिवारी संध्याकाळी. फोनवरच्या मुलाला मी सांगितलं, मंगळवारी कळवते. तो म्हणाला, मॅडम, मंगळवारी हा रेट राहणार नाही. मी म्हटलं, नाही राहिला तर नाही.

वहीत चार प्रश्न लिहून झालेत. सासूबाई चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवत, कागद मोठ्याने वाचतायत. सातव्या पानावर आल्यात आणि तिथल्या एका ओळीवर बोट थांबलंय. मला हाक मारतायत, जाते.