जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो

उपनगराच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: हिरवळ, शांतता आणि शहराच्या मध्यापासूनचं अंतर, तेही मिनिटांत. (ही मिनिटं रविवारी पहाटे मोजलेली असावीत.) या तिन्ही गोष्टी असूनही संध्याकाळी खायला उठतात अशी उपनगरं जगभर रग्गड आहेत. उलट घरं साधीच, झाडं बेताची, तरी माणसं तिथून हलायचं नाव काढत नाहीत, अशीही आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या वस्तीत एक वाक्य घराघरांतून ऐकू येतं: ‘जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.’ चप्पल पायात सरकवायची आणि निघायचं. एवढं साधं वाक्य बोलता यावं यासाठी आधी कुणीतरी बरीच मोजमापं नीट घेतलेली असावी लागतात.

धडधाकट माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो. म्हणजे पाच मिनिटांत 400. अंतर याच्या फार पुढे गेलं की हात आपसूक गाडीच्या किल्लीकडे वळतो. आणि एकदा गाडीत बसल्यावर 400 मीटर काय नि चार किलोमीटर काय, सारखंच. मग कोपऱ्यावरच्या दुकानापाशी कोण थांबतो? थेट मोठ्या बाजारातच जाणं होतं. कोपऱ्यावरची कितीतरी दुकानं या किल्लीने बंद पाडली आहेत.

400 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत 50 हेक्टर जागा येते. रस्ते, शाळा, मैदान धरून हेक्टरी दहा घरं असतील तर वर्तुळात 500 घरं झाली; हेक्टरी चाळीस असतील तर 2000. पाचशे घरांच्या जिवावर एखादं औषधांचं दुकान कसंबसं तग धरेल. दोन हजार घरं असली की औषधवाला, वह्या-पेनांचं दुकान, शिंपी, केस कापणारा, सायकल दुरुस्त करणारा, झालंच तर एखादा डॉक्टर, या सगळ्यांचं पोट भरू शकतं. चहूबाजूंनी ऐसपैस बाग हवी आणि दुकानही चालत जाण्याइतकं जवळ हवं, हे दोन्ही हट्ट एकाच वस्तीत पुरवणं कठीण आहे. हेक्टरी चाळीस म्हणजे काही टोलेजंग मनोरे नव्हेत. रांगेतली जोडघरं, दोन-तीन मजल्यांच्या इमारती आणि अधूनमधून एखादा बंगला, एवढ्यात हा आकडा सहज गाठता येतो.

हे गणित नवं नाही. न्यूयॉर्क परिसराच्या प्रादेशिक आराखड्यासाठी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये शेजारवस्तीचा एक नमुना मांडला. क्षेत्र सुमारे 160 एकर, मधोमध प्राथमिक शाळा, कुठलंही घर शाळेपासून साधारण पाव मैलाच्या आत, म्हणजे तेच 400 मीटर. वर्दळीचे रस्ते वस्तीच्या कडेने, आणि दुकानं जिथे दोन-तीन वस्त्यांचे कोपरे भिडतात तिथे, म्हणजे त्यांना सगळीकडून गिऱ्हाईक. शाळा मध्यभागी ठेवण्यामागचा विचार पक्का होता. मुलाला सोडायला आणि आणायला रोज ठरल्या वेळी पाच-पन्नास पालक एकाच फाटकाशी उभे राहतात, आणि अर्ध्या वस्तीच्या ओळखी तिथेच होतात. दुकानं कडेला नेण्याबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे. मोठ्या रस्त्यालगतचं दुकान हळूहळू गाड्यांचं होतं. आधी पुढे वाहनतळ येतो, मग पायी येणाऱ्याला त्या तळातून वाट काढावी लागते. घरापासून शाळेकडे किंवा स्टेशनाकडे जाणारी जी नेहमीची वाट असते, तिच्यावर दुकान असलेलं बरं. तिथे मुद्दाम कुणाला जावं लागत नाही, सहज जाता जाता काम होतं.

अंतर नकाशावर एक असतं आणि पायाखाली दुसरं. उपनगरांना वळणावळणाचे रस्ते आवडतात. बागा-उद्यानांचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी 1868-69 मध्ये शिकागोजवळच्या रिव्हरसाइडचा आराखडा केला, तेव्हा रस्ते मुद्दाम वळणदार ठेवले. उगाच घाई नको, निवांतपणा असावा, म्हणून. पण त्या गावाला शिकागोला नेणारी आगगाडी होती. पुढच्यांनी वळणं तेवढी उचलली आणि स्टेशन विसरले. त्यात बंद गल्ल्यांची भर पडली. आता मागच्या घराची खिडकी आपल्या मोरीतून दिसते, पण त्या घरी जायचं तर आपली गल्ली संपवून, मोठ्या रस्त्याने वळसा घालून, त्यांच्या गल्लीत शिरावं लागतं. सरळ रेषेत 200 मीटरवर असलेली जागा चालायला 400 मीटर पडली, तर पाच मिनिटांच्या टापूची त्रिज्या निम्मी होते आणि क्षेत्रफळ थेट चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे मघाच्या दोन हजार घरांतली पाचशेच हाताशी उरली. घरं तेवढीच, माणसं तेवढीच, फक्त वाटा चुकल्या आणि शिंप्याचं दुकान गेलं.

यावर उपाय स्वस्त आहे. बंद गल्लीच्या टोकाला दोन घरांच्या कुंपणांमधून पायवाट सोडायची. गाड्या अडतात, माणसं आणि सायकली जातात. मात्र ही वाट निगुतीने करावी लागते. रुंदी किमान दोन मीटर, कारण समोरून सायकल आली तर अंग चोरावं लागू नये. वाट सरळ असावी, या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंची कुंपणं छातीपेक्षा उंच नकोत, आणि दिवा मध्यावर हवा. दोन्ही तोंडांना दिवे नि मधे अंधार असेल तर कुणी पाऊल टाकत नाही. यातलं एक जरी चुकलं तरी पुढचा क्रम ठरलेला असतो: आधी मुली ती वाट टाळतात, मग तिथे कचरा साठतो, मग कुणीतरी अर्ज करतं आणि शेवटी फाटक लावून कुलूप ठोकलं जातं. पुन्हा वळसा आहेच.

माणूस माणसांच्या मागे जातो, याचा धडा न्यू जर्सीतल्या रॅडबर्नने दिला. 1929 पासून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत वास्तुरचनाकार क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी गाड्या आणि माणसं पूर्ण वेगळी केली. घरांची एक बाजू हिरव्या बागेकडे, दुसरी गाड्यांच्या आखूड गल्लीकडे. बागेतून शाळेला जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून खालून भुयारी वाट. मुलांनी मात्र खेळायला बरेचदा ती गाड्यांची गल्लीच पसंत केली. कारण उघड आहे. जमीन टणक, चेंडू टप्पा घेतो, सायकल पळते, शिवाय येणारं-जाणारं तिथूनच येतं-जातं. लॉनवर बघायला कोण असणार?

शेजार जुळण्याचंही असंच आहे. आपण म्हणतो, स्वभाव जुळले की मैत्री होते. लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ले शाख्टर आणि कर्ट बॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध केला. दुमजली इमारती, एका मजल्यावर पाच बिऱ्हाडं. शेजारच्या दाराचे लोक एकमेकांना जवळचे मित्र म्हणून निवडण्याचं प्रमाण होतं 41 टक्के. एक दार सोडून पलीकडे 22. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत 10. आणि लगतच्या दोन दारांमधलं अंतर जेमतेम सहा मीटर! जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी, कारण वरची मंडळी त्यांच्या दारावरून जात. म्हणजे मनमिळाऊ समजली जाणारी काही माणसं केवळ जिन्याजवळ राहत होती.

जिना जोडतो तसा रस्ता तोडतो. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकाच भागातल्या, बऱ्याच सारख्या अशा तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना विचारलं, तुमचे या रस्त्यावर मित्र किती? दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर सरासरी तीन. आठ हजारांच्या रस्त्यावर 1.3; सोळा हजारांच्या रस्त्यावर 0.9. गर्दीच्या रस्त्यावर लोक मागच्या खोल्यांत राहायला लागतात, पुढची खिडकी बंद होते, आणि समोरच्या फुटपाथवरचा माणूस परका होतो.

गाड्यांच्या संख्येइतकाच वेगही महत्त्वाचा. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी, चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंतचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 असेल तर 28 मीटर लागतात. फाटकातून चेंडूमागे मूल धावत येतं ते बहुधा या दोन आकड्यांच्या मधे. वेगमर्यादेची पाटी लावून वेग कमी होत नाही, कारण चालक पाटीपेक्षा रस्त्याची रुंदी वाचतो. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असला की पाय दाबला जातोच. गल्लीतली गाडीवाट साडेपाच-सहा मीटरच ठेवावी. आणि वळणाचा कोपरा बघावा. कडेचा दगड मोठ्या गोलाईत बसवला असेल तर गाडी वेग न उतरवता वळते, शिवाय पायी ओलांडणाऱ्याला तिथे रस्ता दीडपट रुंद पडतो. गोलाई तीन-चार मीटरवर आणली की गाडी झक मारत हळू होते. कचऱ्याची आणि आगीची गाडी कशी वळणार, हा प्रश्न बैठकीत हटकून निघतो. त्यासाठी कोपऱ्यालगतच्या काही मीटरांत गाड्या उभ्या करू न देणं बहुतेक वेळा पुरतं.

आता फाटक आणि त्यामागचं अंगण. हा तुकडा फार लोक वाया घालवतात. घराची पुढची भिंत आणि कुंपण यांत तीनएक मीटर असावेत. दहा मीटर असले तर ओट्यावर बसलेल्याला रस्त्यावरच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून कुणी ‘काकू, पाय बरा का आता?’ असं विचारत नाही. एक मीटरच असला तर येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर थेट घरात, मग पडदे कायमचे ओढलेले. कुंपणाची उंची गुडघ्याच्या थोडी खाली किंवा वर, 45 सेंटिमीटरच्या आसपास, आणि माथा सपाट व हातभर रुंद असेल तर त्यावर बसता येतं. कमरेच्या वर असेल तर कोपर टेकवून गप्पा मारता येतात. डोक्याच्या वर गेलं की संपलं. भिंत उंच केल्याने चोर अडतो अशी समजूत आहे. एकदा चोर आत उतरला की तीच भिंत त्याला शेजाऱ्यांच्या नजरेपासून झाकते, हे कुणी सांगत नाही.

एवढी ओळखदेख सगळ्यांनाच मानवते असं नाही. रात्री उशिरा कोण आलं, कुणाकडे कोण उतरलंय, याची खबर सकाळपर्यंत कोपऱ्यावर पोचलेली असते. ज्याला अनोळखी राहायचं आहे त्याने शहराच्या मध्यात घर घ्यावं. आणि ‘आपली वस्ती’ म्हणता म्हणता ‘आपल्यांचीच वस्ती’ कधी होते ते कळत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1947 ते 1951 मध्ये लेव्हिटाउनमध्ये 17 हजारांहून अधिक घरं बांधली गेली, परवडणारी, भराभर. सुरुवातीच्या करारांत मात्र गोऱ्यांखेरीज इतरांना राहू देऊ नये असं कलमच होतं.

त्याच लेव्हिटाउनच्या घरात एक गोष्ट मात्र दूरदृष्टीची होती. घर लहान, पण छपराखालचा माळा मोकळा सोडलेला. पुढे हाताशी पैसे आले, मुलं वाढली, की तिथे खोल्या काढता येत. जिथे अशी सोय नसते, सगळी घरं एकाच मापाची आणि एकाच वर्षी विकलेली असतात, तिथे सगळी एकाच वयाची जोडपी येतात. पाच-सात वर्षांत बालवाडी अपुरी पडते, पंधरा वर्षांत ती ओस पडते, तिसाव्या वर्षी सगळ्यांचेच गुडघे एकदम दुखायला लागतात. एका गल्लीत लहान-मोठी घरं मिसळलेली असतील, त्यांत भाड्याचीही असतील, तर नवं लग्न झालेलं जोडपं, तीन मुलांचं कुटुंब आणि एकट्या राहणाऱ्या आजी, तिघांनाही पत्ता न बदलता घर बदलता येतं.

म्हणून घर बघायला जाताना रविवारी सकाळी जाऊ नये, तेव्हा सगळ्याच वस्त्या सोज्वळ दिसतात. साध्या वारी शाळा सुटताना जावं आणि मग पुन्हा रात्री नऊला. स्टेशनापासून किंवा बसथांब्यापासून घरापर्यंत हातात जड पिशवी घेऊन चालून पाहावं. बस दहा-बारा मिनिटांनी येत असेल तर लोक वेळापत्रक बघत नाहीत. अर्ध्या तासाने येत असेल तर घरटी दोन गाड्या उभ्या दिसतील. बाकाला पाठ आणि हात आहेत का, तो वाटेकडे तोंड करून आहे की भिंतीकडे, दुपारी त्यावर सावली येते का, हे पाहावं. सूचनाफलकावर शेवटची सूचना कुठल्या महिन्याची आहे ते वाचावं. आणि वाटेत भेटलेल्या तिघांना विचारावं, वस्तीच्या सभागृहाची किल्ली कुणाकडे असते? तिघांनी न अडखळता एकच नाव सांगितलं, तर दलालाशी घासाघीस जरा आवरती घ्यावी.