आंदणाचा किल्ला

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री सोलापुरात उतरलो. सकाळी मित्राने कडक भाकरी नि शेंगाचटणी खायला घातली आणि ऊन चढायच्या आत भुईकोटात नेलं. दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. आत बाग आहे आणि तिथंच जुन्या मंदिराचे कोरीव खांब. नक्षी इतकी बारीक की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही.

या किल्ल्याची कुंडली मजेशीर. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, आंदणात सोलापूर कबूल केलं आणि दिलंच नाही. त्यावरून लढाया जुंपल्या. पुढे अहमदनगरची चांदबीबी विजापूरची सून झाली, तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने आंदण गेला! सोलापूरकरांना कुणी विचारलं नसणारच.

"अमेरिका म्हणजे आजचं रोम बे," तटावर मित्राने त्याचा लाडका विषय काढला. मला ते निम्मंच पटतं. कागदावर मुलूख मिळवायची हातोटी दोघांकडे होती, हे खरं. इ.स.पू. १३३ मध्ये पर्गामनचा (आजच्या तुर्कस्तानातलं राज्य) राजा तिसरा अ‍ॅटलस निपुत्रिक मेला आणि मृत्युपत्रात राज्य रोमच्या नावे करून गेला. तिथं बंड झालं, ते रोमने मोडून काढलं. अमेरिकेने १८०३ मध्ये नेपोलियनकडून लुईझियाना दीड कोटी डॉलरला घेतला आणि देश एका सहीत जवळपास दुप्पट झाला. मेक्सिकोच्या बाबतीत तर आधी राजधानी जिंकली, मग १८४८ च्या तहात दीड कोटी डॉलर मोजून निम्म्याच्या आसपास देश घेतला. डोक्यावर बंदूक धरून केलेलं खरेदीखत, दुसरं काय!

पण पुढचा हिशेब वेगळा. रोमही काही साधू नव्हतं, इ.स.पू. १४६ मध्ये त्यांनी उत्तर आफ्रिकेतलं वैरी शहर कार्थेज धुळीला मिळवलं. तरी बहुतेक ठिकाणी त्यांना कर भरायला रयत हवी होती. इटलीतल्या दोस्तांनी हत्यार उपसल्यावर त्यांना नागरिकत्व मिळालं आणि इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने ते साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना दिलं. अमेरिकेला हवी होती जमीन, माणसांसकट नको. १८३० च्या कायद्याने चेरोकींसारख्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हुसकलं. त्या वाटेवर हजारो चेरोकी मेले. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं.

"पण नव्या मुलखाला बरोबरीचं राज्य करायची सोय अमेरिकेनेच केली की," मित्र अडून बसला. मुद्दा बिनतोड. १७८७ च्या कायद्यात ती वाट आखलेली होती आणि रशियाकडून ७२ लाख डॉलरला घेतलेला अलास्का १९५९ मध्ये त्याच वाटेने राज्य झाला.

मी म्हटलं, "मग पोर्तो रिको?" १८९८ मध्ये स्पेनकडून घेतलेलं बेट. १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही.

"थांब की," म्हणत मित्राने मोबाइल काढला.