सांगून जाते की विचारून?

चाळिशीत टोरांटोला समुपदेशन शिकायला लागले आणि नवरा-बायकोचं किती जुळतं हे मोजायची एक प्रश्नावली हाती आली. ग्रॅहम स्पॅनियर यांनी १९७६ मध्ये मांडलेली, ३२ प्रश्नांची, कमाल गुण १५१. इथल्या मराठी जोडप्यांसाठी मी ती मराठीत आणायला घेतली आणि सुट्टीत लालबागला गेले तेव्हा कागद आईपुढे ठेवला.

चुंबनाचा प्रश्न मी वाचलाच नाही. आईसमोर तो तोंडातून निघेना.

एक प्रश्न असा आहे: भांडणानंतर दोघांपैकी कुणी घराबाहेर निघून जातं का? जितक्या जास्त वेळा, तितके गुण कमी. आई पटकन म्हणाली, "हे तर नेहमीच जायचे."

आमची खोली दहा बाय बाराची. त्यात आजी-आजोबा, दोन काका, आम्ही भावंडं. आवाज चढतोय असं वाटलं की बाबा पायात चपला सरकवून नाक्यावर जायचे. "सगळ्यांदेखत माझा पाणउतारा व्हायला नको म्हणून जायचे गं," आई म्हणाली. ज्याचे तिथे गुण कापले जातात, ती आमच्या घरात बायकोची राखलेली अब्रू होती. पण त्याच मजल्यावर दुसरा एक माणूसही भांडून बाहेर पडायचा आणि पिऊन परतायचा. मग त्याच्या बायकोचं रडणं गॅलरीभर ऐकू यायचं. दोन्ही घरांची खूण एकाच चौकटीत पडणार. म्हणून मी समासात लिहिलं: परत आल्यावर काय होतं, तेही विचारायचं.

खरी अडले ती दुसऱ्या एका छोट्या प्रश्नावलीपाशी. सुझन हेन्ड्रिक यांची, १९८८ ची, फक्त ७ प्रश्नांची. नात्यात एकंदर किती समाधानी आहात, असं ती विचारते. आमची पद्धत अशी, की एकाने मराठीत आणायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. "समाधानी" हा शब्द त्या परीक्षेत बिनचूक उतरला होता. आई मात्र म्हणाली, "समाधान मानायचं असतं."

मानायचं! म्हणजे तिच्या लेखी समाधान नात्यातून मिळत नाही, ते बाईने आपल्या मनाशी करायचं काम आहे. तिने पैकीच्या पैकी गुण दिले तर त्यातून तिची सहनशक्ती कळेल, संसाराची तब्येत कळणार नाही. स्पॅनियर यांच्या मोजपट्टीच्या नावातच "अ‍ॅडजस्टमेंट" आहे. मुंबईत हा शब्द लोकलच्या चौथ्या सीटवरून सगळ्यांना ठाऊक. अंग चोरून बसलेली बाई पडत नाही, एवढंच त्यातून समजतं. अंग रोज तीच चोरते की आळीपाळीने, हे विचारायला हवं. आपली संस्कृतीच अशी आहे म्हणून हा प्रश्न गाळला, तर भीतीने गप्प बसलेल्या बाईचीही सुखी संसारात नोंद होईल. मला ते मुळीच मान्य नाही.

मग तयार प्रश्न बाजूला ठेवून मी आईला आणि शेजारच्या काकूंना एवढंच विचारलं, की अमकीचा संसार बरा चाललाय हे तुम्ही कशावरून ओळखता? दोघी तासभर बोलल्या. माहेराहून परतायचा दिवस कोण ठरवतं. सासूसमोर तो तिची बाजू घेतो का. तिला ताप आला तर पोळ्यांचं काय होतं. काकू म्हणाल्या, "बाहेर पडताना बाई सांगून जाते की विचारून जाते, ते बघ. त्यात सगळं आलं."

"आणि तू गं?" मी आईला विचारलं.

"आधी विचारून जायची." १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबांचा पगार थांबला आणि घर आईच्या डब्यांवर चालू लागलं. "डबे पोचवायला रोज निघायचे, तेव्हा हे दारात पाट टाकून पोळपाट धूत बसलेले असायचे. एक दिवस विचारायचं विसरलेच, नुसतं 'येते हो' म्हणाले. हे म्हणाले, 'छत्री घे.'"